रेघ मारली म्हणजे तक्ता झाला?

एक्सेल उघडलं की पडद्यावर फिकट राखाडी चौकटींची जाळी दिसते, आणि तक्ता आयताच आखून मिळाला असं वाटतं. सोसायटीच्या देखभालखर्चाचा हिशेब त्यात भरला जातो, प्रिंट काढली जाते आणि कागदावर फ्लॅट क्रमांक एकीकडे, थकबाकी दुसरीकडे असे आकडे अधांतरी तरंगताना दिसतात. दोष प्रिंटरचा नसतो. पडद्यावरची ती जाळी म्हणजे ग्रिडलाइन्स. त्या कामापुरत्या दिसतात आणि मुद्दाम सांगितल्याशिवाय छापल्या जात नाहीत. एक्सेलमध्ये त्यासाठी 'पेज लेआउट'मध्ये ग्रिडलाइन्सखालच्या 'प्रिंट'वर खूण करावी लागते. गुगल शीट्समध्ये ही सोय छपाईच्या खिडकीतच असते. बॉर्डर ही वेगळी गोष्ट. ती आपण एखाद्या सेलला दिलेली असते आणि पडद्यावर दिसते तशीच कागदावर उतरते. 'काही सेलच्या रेषा आपोआप गेल्या' ही तक्रारही याच घोटाळ्यातून येते. त्या सेलमध्ये कुणीतरी पांढरा रंग भरलेला असतो. रंग पांढरा असला तरी तो रंगच, त्याच्याखाली ग्रिडलाइन झाकली जाते. 'नो फिल' केलं की ती परत दिसू लागते. बॉर्डर मात्र कोणताही रंग भरला तरी वरच राहते.

बॉर्डरविषयीचे बहुतेक गैरसमज कागदाच्या सवयीतून आले आहेत, असं मला वाटतं. रजिस्टरमध्ये रेघ आधी असते आणि आकडा नंतर येतो. रकाना आखला नाही, तर रुपये कुठे आणि पैसे कुठे हे कळायला मार्ग नाही. देशी पद्धतीच्या लांबट वह्यांमध्ये शाईच्या रेघांऐवजी पान दुमडून सळ पाडत, पण काम तेच, आकड्याची जागा आधी ठरवायची. स्प्रेडशीटमध्ये ही जागा रेघेवाचूनच ठरलेली असते. स्तंभ आणि ओळ मिळून सेलचा पत्ता होतो, सूत्र तो पत्ता वाचतं, आणि त्याच्याभोवती बॉर्डर आहे की नाही याच्याशी सूत्राला काही देणंघेणं नसतं. खात्री करायची असेल तर रेघांनी भरलेलं एखादं शीट सीएसव्ही म्हणून जतन करावं आणि बंद करून पुन्हा उघडावं. एकही बॉर्डर उरलेली नसते, आकडे मात्र आपापल्या ओळीत आणि आपापल्या स्तंभात असतात.

रेघ आणि आकडा वेगळे ठेवणं किती शहाणपणाचं, हे जुन्या प्रोग्रामांकडे पाहिलं की पटतं. १९७९ साली अॅपल टू संगणकावर आलेलं व्हिसिकॅल्क काय किंवा १९८३चं लोटस वन-टू-थ्री काय, रेघ हवी असेल तर सेलमध्ये डॅश भरावे लागत. लोटसमध्ये उलटी तिरकी रेघ आणि तिच्यापुढे डॅश टाइप केला की तो सेल डॅशांनी भरून जाई. दुहेरी रेघेसाठी डॅशऐवजी बरोबरचं चिन्ह वापरत. बेरजेच्या वरची रेघ म्हणजे अशी एक अख्खी ओळच असे, आणि ती मजकूर म्हणून डेटात बसलेली असे. क्रम लावताना ती ओळ निवडीत आली, तर नावं आणि रकमांबरोबर तीही भलतीकडे जाऊन बसे. आज बॉर्डर सेलच्या आत नसून त्याच्या स्वरूपात असते, आणि ते बरंच आहे. पण म्हणूनच तिच्याकडून डेटाचं काम करून घेता येत नाही.

तरीही लोक तिला ते काम सांगतात. यादीभोवती जाड चौकट ओढली की एवढा भाग एकत्र आहे हे एक्सेलला कळलं, असं गृहीत धरलं जातं. एक्सेल मात्र यादीची हद्द रिकाम्या ओळींवरून आणि रिकाम्या स्तंभांवरून ओळखतं. समजा, साठ फ्लॅट्सची यादी एकाच चौकटीत आहे आणि 'ए' विंग संपल्यावर डोळ्याला बरं वाटावं म्हणून एक ओळ मोकळी सोडली आहे. वरच्या भागातल्या एका सेलवर क्लिक करून सॉर्ट केलं, तर क्रम फक्त 'ए' विंगचा लागतो. 'बी' विंग चौकटीच्या आत असूनही जशीच्या तशी राहते. दृष्टिहीन व्यक्ती ज्याच्या मदतीने शीट ऐकतात त्या स्क्रीन रीडरलाही जाड रेघेवरून शीर्षकाची ओळ कळत नाही. 'हा तक्ता आहे' हे सांगण्याची रीत वेगळी आहे: कंट्रोल-टी दाबून त्या भागाचं टेबल करायचं. मग शीर्षकाची ओळ शीर्षक म्हणून ओळखली जाते, खाली भर पडली की टेबल आपणहून वाढतं, आणि एकाआड एक रंगाच्या पट्ट्या क्रम बदलल्यावरही बिघडत नाहीत.

आता ती मोकळी ओळ काढून तिच्या जागी 'ए' विंगच्या शेवटच्या फ्लॅटखाली जाड रेघ दिली असं धरू. यादी थकबाकीप्रमाणे लावली, तर मजकूर, ठळक अक्षरं, सेलमध्ये भरलेला रंग हे सगळं ओळीबरोबर सरकतं. बॉर्डर मात्र जागची हलत नाही. विंगांची सरमिसळ झालेल्या यादीत ती रेघ मधेच, काही अर्थ नसताना, दोन भाग पाडून उभी असते. कॉपी-पेस्टमध्ये नेमकं उलट होतं. तिथे बॉर्डर सेलबरोबर जाते आणि नको तिथे जाऊन बसते, म्हणून तर 'पेस्ट स्पेशल'मध्ये बॉर्डर वगळून बाकी सगळं चिकटवण्याचा स्वतंत्र पर्याय आहे.

यावर कुणी म्हणेल, रेघांना अर्थ नसेना का, वाचायला तर बरं पडतं, मग सगळीकडे 'ऑल बॉर्डर्स' दिलं तर बिघडलं कुठे? संशोधनपर लेखनात सर्रास पाळली जाणारी अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनची शैली तक्त्यात उभ्या रेघा देऊ नका आणि प्रत्येक सेलला चौकट करू नका, असं सांगते. शीर्षकाच्या वर आणि खाली एकेक आडवी रेघ, तक्त्याच्या शेवटी एक, एवढ्यावर भागतं. याचं कारण साधं आहे. उजवीकडे नीट लागलेले आकडे स्वतःच एक उभी कड तयार करतात, तिच्याशेजारी आणखी रेघ मारून डोळ्याला नवं काही मिळत नाही. शिवाय सगळ्याच रेघा सारख्या झाल्या की महत्त्वाची रेघ हरवते. बेरजेच्या वर एकेरी आणि एकूण रकमेखाली दुहेरी रेघ ही हिशेबनिसांची खूण आजूबाजूला मोकळी जागा असेल तरच नजरेत भरते. आक्षेपाची एक बाजू मात्र मला मान्य आहे. ज्या कागदावर पेनने लिहायचं आहे, म्हणजे एकतीस रकान्यांचं हजेरीचं मस्टर किंवा मीटर रीडिंगचा तक्ता, तिथे प्रत्येक चौकट हवीच. तिथे शीट पुन्हा वहीचं काम करत असतं आणि वहीचे नियम चालतात. फक्त रिकाम्या पाचशे ओळींना बॉर्डर देऊन ठेवू नये. एकही आकडा नसला तरी बॉर्डर असलेल्या ओळी छापल्या जातात आणि ट्रेमध्ये कोऱ्या चौकटींची पानं साचतात.

रेघा काढतानाही गफलत होते. डिलीट दाबलं की सेलमधला मजकूर जातो, बॉर्डर तशीच राहते. मग वैतागून 'क्लिअर फॉरमॅट्स' केलं, तर बॉर्डरबरोबर आकड्यांचं स्वरूपही पुसलं जातं आणि १ एप्रिल २०२५ या तारखेच्या जागी ४५७४८ दिसू लागतं. तारीख हरवलेली नसते, एक्सेल तारखा आतून दिवसांच्या क्रमांकानेच ठेवतं. नुसती बॉर्डर घालवायला कंट्रोल, शिफ्ट आणि वजाचिन्ह पुरे. रंगाचंही तसंच: कंट्रोल-एकच्या खिडकीत आधी चौकट लावून मग लाल रंग निवडला, तर रेघ काळीच राहते. तिथे रेघेचा प्रकार आणि रंग आधी घ्यायचे, कुठे मारायची ते नंतर दाखवायचं. पेन हातात घेतल्याशिवाय रेघ उमटत नाही, इतपत कागदाची सवय इथे उपयोगी पडते.

आणि रेघेला खरोखरच डेटाप्रमाणे वागायला लावायचं असेल, तर एक्सेलमध्ये 'कंडिशनल फॉरमॅटिंग' आहे. या ओळीतली विंग वरच्या ओळीतल्या विंगहून वेगळी असेल तर सेलच्या वरच्या कडेला रेघ द्यावी, असा नियम लिहिता येतो. अशी रेघ बारीकच मिळते, जाड नाही. गुगल शीट्समध्ये या नियमांना बॉर्डर देताच येत नाही, रंगावर भागवावं लागतं. पण यादी विंगप्रमाणे लावली की रेघ बरोबर सीमेवर येते. थकबाकीप्रमाणे लावली, तर विंग जिथे जिथे बदलेल तिथे तिथे उमटते, आणि पान रेघांनी भरून जातं.