वेडेवाकडे आकडे

घरातील दिवे एकाएकी मालवले की आपण प्रथम खिडकीतून शेजाऱ्यांकडे पाहतो. तेथे उजेड असला तर दोष आपल्या घरात, तेथेही अंधार असला तर दोष बाहेर, एवढे अनुमान शाळकरी मूलही करते. परंतु ज्याला शेजारच नाही, अशा अंतराळयानातील विजेचा दोष कसा शोधावयाचा?

१४ नोव्हेंबर १९६९ रोजी ‘अपोलो १२’ने पावसाळी आभाळातून फ्लोरिडाहून उड्डाण केले. कॉनराड, गॉर्डन व बीन हे तिघे यानात होते. सुमारे ३६ सेकंदांनी यानावर वीज कोसळली. ५२व्या सेकंदाला पुन्हा एकदा. हायड्रोजन व ऑक्सिजन यांच्या संयोगातून वीज निर्माण करणारे तीन इंधनघट यानाला वीज पुरवीत असत. या धक्क्यासरशी त्यांच्या संरक्षक योजनेने तिन्ही घट तोडून टाकले व सारा भार बॅटऱ्यांवर आला. यानात इशाऱ्याचे दिवे भराभर पेटले. ह्यूस्टनच्या नियंत्रण कक्षातील पडद्यांवर तर अर्थहीन आकडे उमटू लागले. अग्निबाणाचे स्वतंत्र मार्गदर्शक यंत्र सुदैवाने शाबूत होते, म्हणून वाट चुकली नाही. तथापि आंधळेपणाने पुढे जावे की उड्डाण सोडून माणसे वाचवावीत, हे क्षणार्धात ठरवावयाचे होते.

यानाच्या विजेवर लक्ष ठेवणारा जॉन ॲरन त्या वेळी अवघा २६ वर्षांचा होता. हे आकडे त्याला ओळखीचे वाटले. सुमारे वर्षापूर्वी एका चाचणीत त्याने असेच वेडेवाकडे आकडे पाहिले होते. चाचणी संपली तरी त्याने ते मनाआड केले नाहीत. शोध घेता त्याला कळले, की मापकांचे संकेत पृथ्वीकडे धाडण्याजोगे करणाऱ्या पेटीला विद्युतदाब कमी पडला की असे घडते. आणि एक कळ ‘ऑक्स’ म्हणजे साहाय्यक बाजूस फिरविली की ती पेटी कमी दाबावरही चालते.

ॲरनने तीच सूचना केली. ती कळ उड्डाणप्रमुख ग्रिफिन यांना ठाऊक नव्हती, यानप्रमुख कॉनराडनाही नव्हती. बीनना मात्र ती ठाऊक होती! त्यांनी ती फिरविताच पडद्यांवर खरे आकडे आले, घट नुसते तुटले आहेत हे उमगले आणि ते पुन्हा जोडता आले. पाच दिवसांनी, १९ नोव्हेंबरला, कॉनराड व बीन चंद्रावर उतरले.

ही हकीकत वाचून आम्ही काहीसे खजील झालो. आमच्या प्रयोगशाळेत ओहमच्या नियमाचा प्रयोग चालतो, तेव्हा न जुळणारा आकडा मुले खोडून टाकतात व शेजाऱ्याच्या वहीतील जुळणारा उतरवून घेतात. आम्हीही वर्षानुवर्षे त्या नीटनेटक्या वहीलाच गुण देत आलो. त्या खोडलेल्या आकड्यामागे सैल जोडणी असेल, उतरलेला घट असेल. आम्ही कधी विचारले नाही. यंदापासून न जुळणारा आकडा तसाच ठेवून त्याचे कारण शोधणाऱ्यास आम्ही दोन गुण अधिक देतो. वह्या पूर्वीइतक्या सुबक राहिल्या नाहीत, एवढे मात्र खरे.