'की' म्हणजे कील!

मंडळी, गेल्या हिवाळ्यात आमच्या ओळखीच्या एका कुटुंबातून फोन आला. मुलाच्या मानेला गाठ होती. तिचा तुकडा तपासायला पाठवला, आणि पॅथॉलॉजीच्या रिपोर्टवर लिहून आलं, 'सीडी ३० पॉझिटिव्ह'. "म्हणजे कॅन्सरच ना हो?" वहिनींचा आवाज कापत होता. आम्ही काही डॉक्टर नाही. पण या नावाचा माग काढत गेलो, तो थेट उत्तर जर्मनीतल्या कीलला पोचलो!

आपल्या रोगप्रतिकारक पेशी म्हणजे गणेशोत्सवातले कार्यकर्ते. एरवी गर्दीत ओळखू येत नाहीत. कामाला लागले की छातीवर बिल्ला! संसर्ग झाला की लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशी जाग्या होतात आणि त्यांच्या पृष्ठभागावर खास प्रथिने दिसू लागतात. सीडी ६९ काही तासांतच, सीडी २५ त्यामागून. सीडी ३० हाही असाच बिल्ला, पण मोजक्याच जाग्या पेशींवर दिसणारा.

१९८२ साली कील विद्यापीठातल्या हाराल्ड श्टाइन आणि सहकाऱ्यांनी एक नवी अँटिबॉडी जगापुढे ठेवली. गावावरून तिचं नाव 'की-१'. हॉजकिन लिम्फोमाच्या पेशींना ती नेमकी चिकटे, आणि थोड्या निरोगी पेशींनाही. ती ज्या खुणेला चिकटते, तिलाच पुढे सीडी ३० हा क्रमांक मिळाला.

निरोगी शरीरात ही खूण विरळाच. म्हणून तिच्यावरच नेम धरणारं औषध निघालं, ब्रेन्टुक्सिमॅब वेडोटिन. अँटिबॉडी पत्ता शोधते आणि सोबतचं विष त्या पेशीत पोचवते. अमेरिकेत २०११ साली आणि युरोपात २०१२ साली त्याला मान्यता मिळाली.

मात्र बिल्ला दिसला म्हणजे कॅन्सर, असं मुळीच नाही. इथे 'फायफरशेस ड्र्युझेनफीबर' म्हणतात त्या विषाणूच्या तापातही गाठीत अशा पेशी सापडतात. डॉक्टर पेशींचं रूप, इतर खुणा, सगळं मिळून निदान करतात.

त्या मुलाला हॉजकिनच निघाला. पण हा आजार बहुतेकांचा पूर्ण बरा होतो, हे डॉक्टरांनी समजावलं तेव्हा घराला धीर आला. उपचार संपले, आणि यंदा गणपतीत पोरगं लेझीम खेळलं!

तेव्हा मंडळी, रिपोर्टमधल्या एका ओळीवर रात्र जागून काढू नका. कागद घेऊन डॉक्टरांकडे जा, निःसंकोच विचारा. हायडेलबर्गच्या जर्मन कर्करोग संशोधन केंद्राची माहितीसेवाही फोनवर मोफत उत्तरं देते.