आलेखावरचा माउस हे मोजमापाचं साधन

भोसरी एमआयडीसीत फिरणाऱ्या लहानमोठ्या मोटरींमध्ये ६२०५ क्रमांकाचं बॉल-बेअरिंग नेहमीचं. आत २५ मिलिमीटरचा शाफ्ट, भोवती ९ गोळ्या. बाहेरच्या रेसवर, म्हणजे गोळ्या ज्यावरून धावतात त्या कड्यावर, बारीक खड्डा पडला की प्रत्येक गोळी त्यावरून जाताना ठोका देते. शाफ्ट मिनिटाला १५०० फेरे घेत असेल, तर बेअरिंगच्या भूमितीप्रमाणे सेकंदाला सुमारे ९० ठोके पडतात, म्हणजे दर ११ मिलिसेकंदांना एक. मोटरीवर कंपनांचा सेन्सर बसवून सेकंदाला १०,००० वाचनं या वेगाने दहा सेकंद नोंद घेतली, तर एक लाख आकडे हाती येतात. ते आलेखात मांडले की पडद्यावर नुसता भरीव पट्टा उमटतो. पडदा १९२० पिक्सेल रुंद असेल, तर एकेका उभ्या ओळीत पन्नासहून जास्त वाचनं कोंबली जातात. ठोके नोंदीत असतात, पण डोळ्यांना सापडत नाहीत. म्हणूनच आलेखावर फिरणारा माउस व्हर्नियर आणि मायक्रोमीटरच्या पंक्तीत बसवायला हवा, असं माझं ठाम मत आहे.

१९८६ पासून चालत आलेलं ‘ग्नूप्लॉट’ हे मोफत सॉफ्टवेअर घ्या. उजव्या बटणाने चौकट आखून शंभर मिलिसेकंदांचा तुकडा मोठा केला की त्या पट्ट्यातून आठ-नऊ ठोके वेगवेगळे उभे राहतात. एका ठोक्यावर माउस नेऊन ‘आर’ची कळ दाबली की तिथे मोजपट्टी रोवली जाते; पुढच्या ठोक्यावर गेलं की दोहोंमधलं अंतर खाली आकड्यांत दिसतं. ते ११ मिलिसेकंद निघालं तर संशय बाहेरच्या रेसवर, साडेसातच्या आसपास निघालं तर आतल्या रेसवर. एवढा निर्णायक फरक, आणि तो त्या पूर्ण आलेखात कितीही टक लावून पाहिलं तरी कळत नाही. जॉन ट्यूकी या संख्याशास्त्रज्ञाने १९७० च्या दशकात स्टॅनफर्डच्या प्रवेगक केंद्रात सहकाऱ्यांसह ‘प्रिम-९’ ही प्रणाली घडवली, तीही याच विश्वासातून: बिंदूंचा ढग पडद्यावर फिरवून पाहता आला, तर स्थिर चित्रात लपलेली रचना माणसाला दिसते.

कुणी म्हणेल, वारंवारतेचं गणित संगणकच करतो, मग हाताने शोधायचं कशाला? मोटर एकसारख्या वेगाने फिरत असेल तर हे बरोबर आहे. पण मोटरीवरचा लोड बदलला की वेग बदलतो, वारंवारतेच्या वर्णपटातलं शिखर पसरतं, आणि नोंदीचा कुठला भाग गणिताला द्यायचा हे आधी कुणीतरी पाहूनच ठरवावं लागतं. दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे: झूम करणारा हात हवं ते दाखवू शकतो. उभा अक्ष ताणला की किरकोळ खरखरही डोंगराएवढी दिसते. यावर उपाय आहे. ‘मॅटप्लॉटलिब’मध्ये ‘एक्स’ची कळ दाबून धरली की झूम आडव्या अक्षापुरताच राहतो, उभं प्रमाण हलत नाही, चांगल्या आणि संशयित मोटरीचे आलेख त्याच प्रमाणावर शेजारी ठेवता येतात. राहिली गोष्ट माग न उरण्याची. माउसने केलेली निवड आपोआप कागदावर येत नाही आणि उद्या दुसऱ्या पाळीतला माणूस ती पडताळू शकत नाही. त्यासाठी झूम झाल्यावर अक्षाच्या दोन्ही मर्यादा वाचून त्या आज्ञांच्या फाइलमध्ये लिहून ठेवाव्यात. ग्नूप्लॉट त्या स्वतःच्या चलांमध्ये ठेवतं, त्यामुळे एका ओळीचं काम आहे. तपासणीच्या अहवालात बेअरिंगचा क्रमांक आणि वेग लिहितो, त्याच ओळीत हा कालखंडही लिहावा.