पुरातली होडी कुठून न्यायची? एका ‘कॉस्ट’ची गोष्ट

सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ४० फुटांवर गेलं की इशारा पातळी आणि ४५ फुटांवर गेलं की धोका पातळी. ऑगस्ट २०१९ मध्ये ते ५७ फुटांच्याही वर गेलं होतं. त्याच पुरात ८ ऑगस्टला पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला गावकऱ्यांना बाहेर काढणारी होडी उलटली आणि डझनाहून जास्त माणसं गेली. होडीत क्षमतेपेक्षा जास्त लोक होते, हे तेव्हा सगळ्या बातम्यांत आलं. त्या अपघाताचा निवाडा मी इथे करणार नाही, तो माझा अधिकारही नाही. पण माझ्या डोक्यात जो प्रश्न तेव्हापासून बसला तो असा: गाव पाण्याने वेढलंय, हाताशी एक लहान इंजिनची होडी आहे, तर ती न्यायची कुठून?

तुम्ही कॉम्प्युटर किंवा गणिताकडून आला असाल तर लगेच म्हणाल, “यात काय, डायक्स्ट्रा!” मीही तेच म्हणालो होतो. पूरक्षेत्राचा नकाशा घ्यायचा, त्याचे चौकोन पाडायचे, शेजारच्या चौकोनात जायला किती ‘खर्च’ पडतो तो आकडा द्यायचा आणि सगळ्यात कमी खर्चाचा रस्ता काढायचा. हा अल्गोरिदम १९५९ साली छापून आला, आज तो चार ओळीत चालवता येतो. अवघड भाग तो नाहीच. अवघड भाग हा, की चौकोनावर आकडा कुठला लिहायचा?

माझा पहिला आकडा होता वेळ. निदान वेळेचं गणित तरी नीट समजून घ्या, कारण त्यातच पुढची मेख आहे. होडीचा पाण्यातला वेग सेकंदाला ३ मीटर, ओघाचा २ मीटर आणि पात्र ६०० मीटर रुंद धरा. नाक सरळ समोरच्या काठाकडे ठेवलं तर २०० सेकंदांत पार व्हाल, पण ४०० मीटर खाली लागाल. बरोबर समोरच लागायचं असेल तर नाक ओघाच्या वर तिरकं धरावं लागतं. मग पार जाण्याचा वेग उरतो साधारण २.२ आणि वेळ लागतो २७० सेकंदांच्या आसपास. वाहत्या माध्यमातून कमीत कमी वेळात कसं जायचं हा प्रश्न झेर्मेलोने १९३१ मध्ये मांडला होता, त्याच्या नावानेच तो ओळखला जातो.

आता ओघ ४ करा, होडी ३ च ठेवा. आता नाक कुठेही वळवा, समोर लागणं शक्यच नाही. तुम्हाला गाठता येतील अशा जागा फक्त खालच्या अंगाच्या एका पाचरीत उरतात, ओघाच्या रेषेपासून दोन्हीकडे साधारण ४९ अंशांपर्यंत. म्हणजे एका ठरावीक जागेनंतर परत फिरणं हा पर्यायच संपतो. नकाशावर अशी कुठलीही खूण नसते.

माझं आजोळ कराडच्या बाजूला. मामांनी तरुणपणी बरीच वर्षं नाव चालवली, गुऱ्हाळाच्या काहिलीतूनही माणसं नदीपार नेली. मी मोठ्या उत्साहाने लॅपटॉपवर माझा सगळ्यात कमी वेळाचा मार्ग त्यांना दाखवला. त्यांनी बघितला आणि एकच विचारलं, “हितं इंजान बंद पडलं, तर खाली काय हाय?”

मला उत्तर देता आलं नाही. खाली बाभळी होत्या.

इथे थांबून थोडं भौतिकशास्त्र बघा. वाहत्या पाण्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. सेकंदाला २ मीटरच्या ओघात अर्धा चौरस मीटर पृष्ठभागावर ढोबळमानाने १००० न्यूटन बसतात, म्हणजे शंभर किलोचं ओझं टेकवल्यासारखं. वेग ४ झाला की चारशे किलो. झाडात अडकलं की पाणी फांद्यांतून निघून जातं, होडी जात नाही. ती तिथे दाबून धरली जाते आणि वरच्या बाजूने पाणी आत घेते. आणि ४ च्या ओघात १०० मीटर खालचं झाड म्हणजे फक्त २५ सेकंद. तेवढ्यात इंजिन परत सुरू झालं तर ठीक.

तर मामांच्या प्रश्नाने माझा आकडाच बदलला. मी आधी ‘ही जागा किती वाईट आहे’ हे लिहीत होतो. आता लिहितो ते ‘या जागी ताबा सुटला तर होडी जाऊन कुठे आदळेल’ हे. दोन्हींत फार फरक पडतो. मुख्य धारेचा मध्य दिसायला भयंकर, पण खाली दूरवर मोकळं पाणी असेल तर तिथे बंद पडलेल्या होडीला सावरायला वेळ मिळतो. उलट शेतातलं संथ वाटणारं पाणी फसवं असतं. पलूस-तासगावकडे पाण्याखाली द्राक्षबागांचे मंडप असतात, लोखंडी अँगल आणि ताणलेल्या तारा. उसाचे शेंडे पंख्यात गुंततात. विहिरीचे कठडे आणि डीपी वरून दिसत नाहीत.

आणि रस्ता! रस्त्यावरूनच होडी न्यावी असं सगळ्यांना वाटतं, कारण तो माहितीचा असतो. पण भराव घातलेल्या रस्त्यावरून पाणी बंधाऱ्यावरून पडल्यासारखं उथळ आणि जोरात जातं, मोरीच्या तोंडाशी ओढ असते, शिवाय कडेला झाडं आणि विजेचे खांब. माझ्या पहिल्या नकाशात रस्ता हा सगळ्यात ‘स्वस्त’ होता, हे आता लिहायलाही लाज वाटते.

संगमांचं वेगळंच. कराडच्या प्रीतिसंगमावर कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन भिडतात आणि मग एकत्र वळतात. दोन धारांच्या शिवेवर भोवरे, आणि त्याला लागूनच जवळजवळ उभं पाणी. ब्रह्मनाळलाही येरळा कृष्णेला मिळते. मोठ्या नदीला पूर असला की लहानीचं पाणी तुंबून मागे फुगतं. अशा ठिकाणी ‘ओघाची दिशा’ म्हणून एकच बाण काढणं चुकीचं, आणि कोयनेतून विसर्ग बदलला की कालचे बाण आज चालत नाहीत.

कोकणातल्या खाडीच्या तोंडाशी मच्छीमारांपुढेही असाच पेच असतो: ओहोटीचं बाहेर जाणारं पाणी आणि आत येणाऱ्या लाटा एकमेकांवर आल्या की लाटा उंच आणि खड्या होतात. पण तिथे भरतीचं वेळापत्रक आहे, थांबता येतं. पुरात छपरावर बसलेल्या माणसाला थांबा म्हणायची सोय नसते.

आता एक चूक, जी तुम्हीही कराल म्हणून सांगतो. धोक्यांची नुसती बेरीज करू नका. आकडे समजण्यापुरते घेऊ. एका मार्गावर दहा टप्पे, प्रत्येकी १ टक्का धोका. दुसऱ्यावर एकच टप्पा, ८ टक्क्यांचा. पहिल्याचा एकूण धोका साधारण ९.६ टक्के भरतो, म्हणजे गणित दुसरा निवडतं. पण पहिल्यावर प्रत्येक टप्प्यानंतर परत फिरता येत असेल आणि दुसरा त्या पाचरीत शिरत असेल तर? शिवाय ते ८ तुम्ही कुठून आणले? अंदाजच ना? तो २० ही असू शकतो. म्हणून मी आता आधी परतीचा पर्याय संपवणारे चौकोन बाजूला काढतो आणि उरलेल्यात मार्ग शोधतो. काही वेळा मार्गच सापडत नाही. तेही उत्तरच आहे.

आणखी एक: जातानाचा मार्ग येतानाचा नसतो. जाताना होडी रिकामी, येताना भरलेली. माणसं वाढली की काठ पाण्याजवळ येतो, होडी जड होते, इंजिनचा वेग घटतो आणि ती पाचर अरुंद होते. म्हणजे त्याच चौकोनाचे दोन आकडे, रिकाम्या होडीचा वेगळा आणि भरलेल्या होडीचा वेगळा. किती माणसं घ्यायची आणि कुठून जायचं हे दोन प्रश्न मी आधी वेगळे धरले होते. ते एकच आहेत.

राहिला डेटा. झाडं उपग्रहाच्या चित्रात दिसतात. तारा, कठडे, मोऱ्या दिसत नाहीत. त्या पायी फिरून, जीपीएसवर नोंदवून आणि मामांसारख्यांना सोबत घेऊनच मिळतात. उन्हाळ्याआधी पूरक्षेत्रातली अर्धी रानं झाली. उरलेल्यांत अजून ऊस उभा आहे, त्याची तोड झाली की पुन्हा निघायचं आहे.