निशिगंध लावणारी बाई

व्हर्सायच्या राजवाड्याजवळ त्रिआनॉन नावाचा एक छोटा महाल आहे. फ्रान्सच्या चौदाव्या लुईने तिथल्या वाफ्यांत निशिगंध लावून घेतला होता, तोही थोडाथोडका नव्हे. सँ-सिमाँ या दरबारी उमरावाने आपल्या आठवणींत लिहून ठेवले आहे, की एकदा संध्याकाळी या फुलांचा वास इतका दाटला की खुद्द राजासकट सगळ्या दरबाराला बाग सोडून जावे लागले.

राजाला पळवून लावणारे हे फूल आपल्याकडे किलोवर विकले जाते. पुण्याच्या मार्केट यार्डाच्या बाजारभावात त्याचे नाव ‘गुलछडी’; दांड्यासकट असेल तर ‘गुलछडी काडी’. यवत, दौंडकडे त्याचे मळे आहेत. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने ‘फुले रजनी’ नावाची त्याची जातही काढली आहे. वरमाला त्याची, सत्काराचा हार त्याचा, आणि घरातले कुणी गेले तर तसबिरीवरही तोच. शेजारणीने गुलछडीचा हार घेतला म्हणून तिच्या स्वभावाविषयी कुणी काही बोलत नाही.

तोच वास बाटलीतून अंगावर आला की मात्र बोलणे सुरू होते. सुगंधावरच्या पाश्चात्त्य लिखाणात निशिगंधाचे परफ्युम लावणारी बाई मोहिनी असते, धीट असते, जरा धोक्याचीही असते. गुलाबवाली हळवी, लिंबू-संत्र्याच्या वासाची उत्साही, चंदनवाली गंभीर, असे तक्ते आपल्या पुरवण्यांतही अधूनमधून छापून येतात. माझ्या मते त्यांची जागा राशिभविष्याच्या शेजारी आहे. वास आणि माणूस यांचा संबंध नाही असे मात्र नाही. तो आहे, पण तक्तेवाले शोधतात तिथे नाही.

आधी फुलाकडे पाहू. निशिगंध मूळचा मेक्सिकोचा. अझ्टेक लोक त्याची लागवड करत. स्पॅनिश लोकांनी तो युरोपात नेला आणि तिथून तो आपल्याकडे आला. वनस्पतिशास्त्रज्ञांनी अलीकडे त्याची रवानगी अगेव्ह या प्रजातीत केली आहे, म्हणजे बांधावरची काटेरी घायपात ही त्याची सख्खी नातेवाईक ठरते. पांढरा रंग, लांब नळी आणि दिवस मावळल्यावर वाढत जाणारा वास ही सगळी तयारी रात्री उडणाऱ्या पतंगांसाठी आहे. त्या वासात सांधेदुखीच्या मलमात असते ते मिथाइल सॅलिसिलेट असते, आणि इंडोलही असते. इंडोल वेगळे काढून हुंगले तर डांबरगोळ्या आठवतात. माणसाच्या विष्ठेतही ते सापडते. मोगरा, जाई, निशिगंध या पांढऱ्या फुलांच्या गोडव्याखाली जे अंगाचे, उबदार, किंचित नासके काही जाणवते, त्यात इंडोलचा मोठा वाटा आहे. फुलाच्या वासात शरीर आधीपासूनच असते. ‘मादक’ हे विशेषण या फुलांना चिकटले ते उगीच नाही.

हे फूल तोडल्यावरही वास तयार करत राहते. फ्रान्समधल्या ग्रास गावाने त्याचा फायदा घेतला. काचेच्या चौकटींवर चरबीचा थर द्यायचा, त्यावर ताजी फुले पसरायची, ती सुकली की नवी घालायची. चरबी वासाने भरली की मद्यार्काने तो वास सोडवून घ्यायचा. उष्णतेने निशिगंध बिघडतो. म्हणून गुलाब-केवड्याला मानवणारी कनौजची देग-भपक्याची, उकळून वास काढण्याची रीत त्याला मानवत नाही. चरबीचे काम वेळखाऊ आणि महाग, त्यामुळे आता हेक्झेनसारख्या द्रावकाने अर्क काढतात. हा अर्क आज मुख्यतः तमिळनाडू आणि कर्नाटकातून जगभर जातो. पॅरिसची ती धोक्याची मोहिनी दक्षिणेतल्या एखाद्या शेतकऱ्याच्या मळ्यात पहाटे खुडली जाते, हे जाहिरातीत अर्थातच सांगत नाहीत.

तिला मोहिनी केले ते मुख्यतः 1948 साली. रोबेर पिगे या पॅरिसमधल्या फॅशनगृहासाठी जर्मेन सेलिए हिने ‘फ्राका’ नावाचे परफ्युम बनवले. त्या काळी या धंद्यात नाक पुरुषांचे चाले. सेलिए शिकलेली रसायनशास्त्रज्ञ, स्वभावाने फटकळ, तोंडात सतत सिगारेट. तिने निशिगंध हात राखून वापरला नाही. जोडीला संत्र्याची फुले, जाई आणि लोण्यासारखा एक स्निग्धपणा. फ्राका म्हणजे कल्ला, आणि वासही तसाच. बाई आत येण्याआधी तो दारात येतो. पण याच बाईने याच फॅशनगृहासाठी चार वर्षे आधी ‘बांदी’ बनवले होते, चामड्याचा रुक्ष, कडवट वास असलेले. 1947 मध्ये तिनेच बालमँसाठी ‘व्हाँ व्हेर’ केले. त्यात चुरगळलेल्या हिरव्या पानांचा वास आहे. पाच वर्षांत तीन वास आणि त्यांचे तीन स्वभाव. कर्तीचेच व्यक्तिमत्त्व तिच्या बाटलीवरून ओळखता येत नसेल, तर दुकानातून ती बाटली नेणारीचे काय ओळखणार?

1985 मध्ये दिओरने ‘पॉयझन’ काढले. कर्ता एद्वार फ्लेशिए. त्यातही निशिगंध, सोबत आलुबुखाराचा दाट गोडवा. त्याच्या आधी 1981 चे ‘जॉर्जिओ’ होतेच. अमेरिकेत काही उपाहारगृहांनी या वासांच्या गिऱ्हाइकांना चक्क मज्जाव केला, कारण शेजारच्या टेबलावरच्या माणसाला सूपची चव लागेना. चौदाव्या लुईची अडचण तीनशे वर्षांनी मध्यमवर्गापर्यंत पोचली म्हणायची. पण नाव ‘विष’, बाटली जांभळी, आकार सफरचंदाचा, असे सगळे मांडून ठेवल्यावर लावणारी बाई मायावी वाटणारच. उलट उदाहरण 1973 चे. रेव्हलॉनचे ‘चार्ली’ हेही फुलांचेच परफ्युम, पण जाहिरातीत सूट-पँट घातलेली मुलगी लांब ढांगा टाकत चाललेली. झाले, ते स्वतंत्र, कमावत्या मुलीचे परफ्युम ठरले. नाव मात्र कंपनीचे मालक चार्ल्स रेव्हसन यांच्यावरून ठेवलेले!

आपल्याकडे निशिगंधाच्या वाट्याला वेगळीच भूमिका आली. मन्नू भंडारींच्या ‘यही सच है’ या कथेवर बासू चटर्जींनी 1974 मध्ये ‘रजनीगंधा’ चित्रपट केला. त्यात अमोल पालेकरांचा संजय ही फुले घेऊन येतो. बडबड्या, विसराळू, हमखास उशिरा येणारा आणि तरीही ज्याच्याशी संसार होऊ शकेल असा ऑफिसातला माणूस. तिकडे विष, इकडे संजय, फूल तेच. आणि फुलांचा वास बायकांचा, हेही आपण उशिरा शिकलो. मोहम्मद अली रोडवर मिनारा मशिदीभोवतीच्या दुकानांत आजही पुरुष गुलाबाचे, मोगऱ्याचे अत्तर निःसंकोच घेतात आणि फाया कानात खोचतात.

मग संबंध आहे तो कुठे? 2001 मध्ये मिलिन्स्की आणि वेडेकिंड यांनी विद्यार्थ्यांना वेगवेगळे सुगंध हुंगायला देऊन विचारले, हा वास तुमच्या स्वतःच्या अंगाला यावासा वाटतो का? ज्यांची रोगप्रतिकारशक्तीची काही जनुके जुळत होती, त्यांच्या आवडीही बऱ्याच जुळल्या. जोडीदाराच्या अंगाला कोणता वास हवा, असे विचारल्यावर मात्र हा मेळ जवळजवळ दिसला नाही. 2012 मध्ये प्रागच्या संशोधकांनी काही पुरुषांच्या एका काखेत त्यांचे नेहमीचे परफ्युम लावले आणि दुसऱ्या काखेत संशोधकांनी दिलेले. नुसती परफ्युम हुंगणाऱ्यांना त्यांच्यात डावे-उजवे वाटले नाही, पण घामात मिसळल्यावर माणसाने स्वतः निवडलेलेच अधिक छान वाटले. म्हणजे नकळत आपण आपल्या घामाला साजेसे परफ्युम निवडतो. त्याच वर्षी पोलंडमधल्या एका प्रयोगात, काही न लावता तीन रात्री घातलेले टी-शर्ट हुंगून लोकांनी घालणाऱ्याचा स्वभाव सांगितला. बहिर्मुखपणा, भावनिक अस्थिरता, वर्चस्वाची वृत्ती यांबाबत त्यांचे अंदाज निव्वळ योगायोगापेक्षा थोडे बरे निघाले. थोडेच, पण निघाले. तेव्हा स्वभावाचा काही माग लागत असेल तर तो घामात, बाटलीत नाही.

हुंगणाऱ्याचीही बाजू आहे. नाकात वास पकडणारे सुमारे चारशे प्रकारचे ग्राहक असतात आणि त्यांत माणसागणिक फरक असतो. या ग्राहकांच्या शोधासाठी लिंडा बक आणि रिचर्ड अॅक्सेल यांना 2004 चे नोबेल मिळाले. त्यात वासाचा संदेश आठवणी आणि भावना सांभाळणाऱ्या मेंदूच्या भागांकडे फार थेट जातो. ज्याने निशिगंधाचा वास फक्त लग्नमांडवात घेतला आणि ज्याला त्याने वडिलांच्या तसबिरीवरचा हार आठवतो, त्या दोघांना एकच बाई निराळी भासणार. तिच्या स्वभावाचा त्यात काय दोष?

दिवाळीच्या खरेदीत परफ्युम घेणार असाल तर दुकानातल्या कागदी पट्टीवर विसंबू नका. कागदाला घाम येत नाही. मनगटावर एकच फवारा घ्या, बाजारात तासभर फिरा, मग निर्णय घ्या. आणि निशिगंध घेतलात तर हात राखून लावा. लावणाऱ्याच्या नाकाला तो थोड्या वेळात जाणवेनासा होतो, लिफ्टमधल्या बाकीच्यांना होत नाही.