नवं मशीन नाचतंय? आधी त्याचं ऐका!

समजा, मोंढ्यात हळद विकली, पट्टी हातात पडली आणि घरात नवंकोरं वॉशिंग मशीन आलं. नारळ फुटला, पहिले कपडे पडले. धुणं झक्कास झालं. पण पिळायची वेळ आली आणि धाडधाड, धाडधाड! मशीन जागेवरून सरकायला लागलं. शेजारच्या काकू डोकावल्या. बाबांनी निकाल दिला, 'पीसच खराब दिलाय.' आईनं गपचूप बटण बंद केलं. दुसऱ्या दिवसापासून पुन्हा तेच. ती, धुण्याचा दगड आणि तिची दुखरी कंबर.

अशा वेळी सगळं घर तुमच्याकडं बघतं, कारण कॉलेजात शिकणारे तुम्ही! तर दोस्तहो, मशीन परत पाठवायच्या गोष्टी करण्याआधी अर्धा तास द्या. नवं मशीन दणदणतं तेव्हा अनेकदा दोष मशीनमध्ये नसतोच, ते बसवण्यात असतो.

वसमतच्या पोरांना फिरत्या ड्रमचा आवाज काही नवा नाही. वाळलेली हळद पॉलिश करायचा ड्रम सुरू झाला की परिसर दणाणतो. तिथं कांड्या एकमेकींवर घासायच्याच असतात, खडखडाट झालाच पाहिजे. कपड्याच्या ड्रमचं मात्र उलटं. तो खडखडला तर काहीतरी सांगतोय. काय सांगतोय ते शोधायचं. आणि हो, हात लावण्याआधी प्लग काढायचा. दर वेळी.

मागचे बोल्ट काढले का?

समोरून दार असलेल्या मशीनमध्ये ड्रम स्प्रिंगांवर टांगलेला असतो. खाली मोटारसायकलसारखे शॉक अ‍ॅब्सॉर्बर असतात. कारखान्यातून दुकानापर्यंत ट्रकमध्ये गचके बसून ड्रम आपटू नये म्हणून पाठीमागून तीन-चार लांब बोल्ट मारून तो जखडलेला असतो. हे ट्रान्झिट बोल्ट. मशीन सुरू करण्याआधी ते काढायचेच असतात. राहिले तर स्प्रिंगांना हलता येत नाही, सगळा हादरा पत्र्यात आणि फरशीत उतरतो. तसंच रेटलं तर मशीन खरंच खराब होतं.

माहितीपुस्तिकेत बोल्टचं चित्र असतं. तेवढेच पान्यानं सोडवा, बाकी स्क्रूंना हात नको. भोकांवर सोबत आलेली प्लास्टिकची टोपणं बसवा आणि बोल्ट जपून ठेवा, घर बदलताना लागतील. वरून कपडे टाकायच्या मशीनमध्ये आतला किंवा खालचा थर्माकोल, पुठ्ठा काढायचा राहिलाय का, ते बघा.

चारही पाय टेकलेत का?

मशीन बहुधा मोरीजवळ ठेवतात, आणि मोरीकडं फरशीला उतार मुद्दाम दिलेला असतो, पाणी वाहून जावं म्हणून. तिथं मशीन सरळ उभं राहणार कसं? वरचे समोरासमोरचे तिरके कोपरे आळीपाळीनं दाबून बघा. डगमगलं, की एक पाय अधांतरी आहे. पाय फिरवून खालीवर करा. गवंड्याची लेव्हल पट्टी नसेल तर मोबाइलमधलं लेव्हलचं अ‍ॅप चालतं. शेवटी पायावरचा नट घट्ट आवळा, नाहीतर चार दिवसांत पुन्हा तेच. खाली विटा किंवा पुठ्ठ्याच्या घड्या घालू नका.

आत काय टाकलंय?

एकटी गोधडी किंवा एकच जीन्स टाकली की ओलं वजन एका बाजूला गोळा होतं. बारावीचं सूत्र आठवा, त्रिज्या गुणिले कोनीय वेगाचा वर्ग. ड्रमची त्रिज्या २५ सेंटीमीटर आणि वेग मिनिटाला १२०० फेरे धरला, तर कडेच्या कपड्यावर गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे ४०० पट जोर येतो. म्हणजे एका बाजूचं अर्धा किलो जास्तीचं वजन २०० किलोच्या ओझ्यासारखं ओढतं, तेही सेकंदाला २० वेळा दिशा फिरवत. मशीन नाचेल नाही तर काय! म्हणून लहानमोठे कपडे मिसळून टाका, ड्रम ठासून भरू नका. सेमी-ऑटोमॅटिकमध्ये पिळायच्या टबात कपडे सारखे पसरा आणि वर जाळीचं झाकण दाबून बसवा.

खिसे तपासलेत ना? किणकिण येत असेल तर नाणं किंवा हेअरपिन ड्रममध्ये नाहीतर पंपाच्या फिल्टरमध्ये सापडेल.

कधी फोन करायचा?

पाणी भरताना 'टक्', पाणी फेकताना पंपाची घरघर, वेग वाढताना 'वूंऽऽ', हे चालायचंच. पण सगळं तपासूनही रिकामं मशीन पिळण्याच्या वेगात आदळतंय, लोखंड घासल्याचा आवाज येतोय, जळका वास किंवा शॉक लागतोय, तर लगेच बंद करा. तिथं स्वतःचा प्रयोग नको.

आवाजासकट व्हिडिओ काढून ठेवा. मेकॅनिक नांदेडहून येईपर्यंत मशीन नेमकं गप्प बसतं! बिल आणि तक्रार क्रमांक सांभाळा. कुणी दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा ग्राहक आयोगाकडंही जाता येतं, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला फी लागत नाही.

एक मात्र करा. पाय कसे फिरवायचे, फिल्टर कुठं असतो, हे आईलाही दाखवा. तुम्ही उद्या शिकायला नांदेडला, पुण्याला जाल. मशीन घरीच राहणार आहे, आणि ते दणदणलं म्हणून तिनं पुन्हा दगडावर धुणं आपटायला नको.