लेड झेपलिन: हुकलेली मैफल

व्हायोलिनच्या गजाने गिटार छेडणारा जिमी पेज आणि काठ्या बाजूला ठेवून नुसत्या हातांनी ड्रम घुमवणारा जॉन बॉनम यांना प्रत्यक्ष ऐकता आलं नाही, ही रॉकवेड्यांची कायमची हळहळ. बॉनमसह लेड झेपलिन या त्यांच्या बँडचा शेवटचा कार्यक्रम ७ जुलै १९८० रोजी बर्लिनमध्ये झाला. सप्टेंबरमध्ये बॉनम अवघ्या ३२व्या वर्षी गेला आणि बाकीच्यांनी बँडच थांबवला. २००७मध्ये लंडनला एका रात्रीपुरते उरलेले तिघे एकत्र आले, तेव्हा ड्रमवर बॉनमचा मुलगा जेसन होता. मैफल हुकली, तरी मुंबईशी जोडलेला एक ठेवा आहे: १९७२मध्ये पेज आणि बँडचा गायक रॉबर्ट प्लांट यांनी मुंबईत इथल्याच वादकांना घेऊन दोन गाणी ध्वनिमुद्रित केली होती. ती २०१५मध्ये ‘कोडा’ या अल्बमच्या नव्या आवृत्तीत आली. जरूर ऐका.